व्हायोलिन आणि निळी बादली

आमच्या जर्सी सिटीच्या घराची खिडकी चार बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. वरच्या मजल्यांवरच्या सगळ्याच खिडक्या तशा आहेत. घर दाखवायला आलेल्या बाईने 'सेफ्टीसाठी' असं हसून सांगितलं, तेव्हा मीही हसलो होतो. आता हिवाळ्यात हीटरने घसा कोरडा पडला की त्या फटीला नाक लावून उभा राहतो आणि त्या बाईला मनातल्या मनात चार शब्द सुनावतो.

अडकून राहणं मला नवीन नाही. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा केव्हाच संपला आहे. इथे राहून नोकरी करायला हरकत नाही, पण एकदा देशाबाहेर पडलो की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि त्या शिक्क्याची तारीख कधी मिळेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. वकील दर वेळी एकच सांगतो, ट्रॅव्हल अव्हॉइड करा. त्याचं काय जातं सांगायला! आई गेल्यापासून बाबा नागपूरला एकटे राहतात. रोज आमच्या सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल होतो. 'कधी येऊन राहिला?' हे विचारायचं त्यांनी सोडून दिलं आहे. विचारायचे तेव्हा बरं होतं.

अशा या घरात एका जानेवारीत एक फार मोठा माणूस राहून गेला. आमच्या मराठी मंडळाची पद्धत अशी, की भारतातून आलेल्या कलाकाराला हॉटेलात ठेवायचं नाही, सभासदांच्या घरी ठेवायचं. कलाकाराला घरचं जेवण हवं असतं, असं आमचे अध्यक्ष म्हणतात. ते करायचं असतं अर्थात आम्ही. पण या वेळी यजमान कोण, असं व्हॉट्सॲपवर विचारल्याबरोबर मी हात वर केला. बायको थक्क झाली. मी मंडळाच्या कामात हात वर करणारा माणूस नाही.

कारण येणारा माणूस व्हायोलिनवादक होता, आणि कुठला तरी नव्हे, तो.

मी लहान असताना बाबा मला नागपूरला त्यांच्या कार्यक्रमाला घेऊन गेले होते. उन्हाळ्यातली संध्याकाळ, शाळेचा हॉल, घामाने सगळे बेजार. संध्याकाळचा राग पूरिया धनाश्री सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि लाइट गेले. पंखे बंद, माईक बंद. आयोजकांची धावपळ सुरू झाली. तेव्हा ते व्हायोलिन घेऊन स्टेजवरून खाली आले, सतरंजीवर लोकांच्या मधोमध बसले आणि म्हणाले, ''जवळ या. याचा आवाज लहानच असतो.'' मी पोर म्हणून पुढे ढकलला गेलो तो थेट त्यांच्या उजव्या पायापाशी. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात. एक बाजू छातीला टेकवायची, उजवा पाय थोडा पुढे घ्यायचा आणि व्हायोलिनचं मुडपलेलं टोक घोट्यावर ठेवायचं. त्यांच्या घोट्यावर तिथे काळा घट्टा पडला होता. मी सगळा वेळ त्या घट्ट्याकडे बघत होतो आणि डोक्यावरून कुणीतरी गात होतं. हो, गातच होतं. बोटं एका सुरावरून दुसऱ्यावर जात नव्हती, वाहत होती, आणि मध्ये श्वास घ्यायला थांबावं तसा तारांवरचा गज थांबत होता. घरी येताना सायकलवर बाबा मागे न बघता म्हणाले, ''हे लक्षात ठेव बरं का. असं पुन्हा मिळत नाही.'' सुरावरून सुरावर असं वाहत जाणं म्हणजे मींड, आणि आज अर्धे व्हायोलिनवाले त्यांच्यासारखी मींड घ्यायला बघतात. बघू देत. मी ती हातभर अंतरावरून ऐकलेली आहे.

विमानतळावर ते व्हीलचेअरमधून आले. मंडळाच्या पत्रकावरचा फोटो बराच जुना असणार. मी 'पंडितजी' म्हणून वाकलो, माझ्या बायकोने मात्र पाच मिनिटांत 'काका' करून टाकलं आणि त्यांना ते आवडलेलं दिसलं. घरी येऊन चहा झाला, थालीपीठ झालं. मग ते दिवाणखान्यातल्या कार्पेटकडे बघत बसले. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, कार्पेट मळलंय.

''जरा हात द्या,'' ते म्हणाले, ''बसून बघतो.''

त्यांचा डावा गुडघा ऑपरेशन करून बदलला होता. मांडी घालता येईल, व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले होते. व्यायाम झाला, मांडी काही घालता आली नाही. आम्ही दोघांनी धरून त्यांना खाली बसवलं, तर डावा पाय काठीसारखा सरळ समोर. उजवा घ्यायला जागाच राहिली नाही. व्हायोलिन टेकवायला घोटा सापडेना. थोड्या वेळाने ते शांतपणे म्हणाले, ''उठवा.'' उठवताना तिघांचीही पुरेवाट झाली.

''काका, खुर्चीवर बसून?'' बायकोने विचारलं. ''इथले सगळे तसंच वाजवतात ना, हनुवटीखाली धरून.''

''त्यांचं बरोबर आहे. पण तसं धरलं की डावा हात धरण्यात गुंततो. मला तो मोकळा लागतो, वरपासून खालपर्यंत.'' त्यांनी हवेत हात फिरवला. ''या वयात आता दुसरं शिकून होत नाही. वाजवतो आपण हाताने, पण बसावं लागतं पायाने. मी घरी कुणाला बोललो नाही. म्हटलं, अमेरिकेचा कार्यक्रम ठरलेला आहे, तो एक कसाबसा करू आणि थांबू. आता तोही होत नाही. शनिवारी वाजवणार नाही, हे तुमच्या अध्यक्षांना सांगावं लागेल. तुम्ही सांगाल का?''

मी 'बघू' म्हटलं. मला राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. एवढ्या बोटांचं, एवढ्या कानाचं एका गुडघ्यापुढे काही चालू नये!

अध्यक्षांना सांगायची वेळच आली नाही. शुक्रवारी बर्फ पडायला लागला तो असा, की समोरची इमारत दिसेना. मॅनहॅटनची गाडी बंद, विमानं रद्द, हॉल बंद. अध्यक्षांचा फोन आला, ''प्रोग्रॅम कॅन्सल केलाय यार, रिफंडचं बघतो.'' मी काकांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ''सुटलो.''

सुटले कसले? आम्ही तिघंही त्या घरात कोंडले गेलो. मी बेडरूममध्ये लॅपटॉपवर, बायको डायनिंग टेबलावर तिच्या लॅपटॉपवर, आणि काका त्या न उघडणाऱ्या खिडकीपाशी. त्यांना टीव्ही नको होता, फिरायला जायची सोय नव्हती. एकदा लिफ्टने खाली जाऊन काचेच्या दारातून बर्फ बघून आले, तेवढीच सहल. ''तुमच्याकडे सगळं आहे,'' ते मला म्हणाले, ''फक्त बाहेर नाही.'' व्हायोलिनची पेटी सोफ्याच्या मागे बंद होती. घरी उतरलेल्या कलाकाराला 'वाजवा ना' म्हणायचं नसतं, हे मला बाबांनी शिकवलं आहे. शिवाय आता कोणत्या तोंडाने म्हणणार? पण खरं सांगायचं तर मी दिवसभर त्या पेटीकडेच बघत होतो. हा माणूस आता वाजवायचा थांबणार, तो माझ्या सोफ्यावर बसलाय, आणि मला ते पुन्हा एकदा ऐकायचंय. बाबांना तर त्याहून जास्त. कॉलवर ते रोज आवाज खाली आणून विचारायचे, ''वाजवलं का रे त्यांनी?'' मी मान हलवायचो.

रविवारी सकाळी पेटीतून 'टण्ण' असा आवाज आला. काका ताडकन उठायला गेले आणि पुन्हा बसले. पेटी उघडली तर खुंट्या सुटून तारा सैल पडलेल्या. हीटरच्या कोरड्या हवेने लाकूड आकसलं होतं. ते पिळत होते आणि खुंट्या पुन्हा पुन्हा सुटत होत्या. वाजवणार नाही म्हणणारा माणूस एकेक खुंटी काढून, फुंकर घालून पुन्हा बसवत होता.

बायकोला उपाय सुचला. ''काका, गरम पाण्याचा शॉवर सोडून ठेवते. बाथरूममध्ये दमटपणा असतो, तिथे ठेवू.''

''संडासात?'' काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

इथल्या घरांत दोन्ही एकाच खोलीत, त्याला आम्ही काय करणार? बायकोने कमोडचं झाकण लावून त्यावर धुतलेली चादर टाकली, फरशी कोरडी केली, टबातली बादली बाहेर काढून उलटी ठेवली आणि पेटी तिच्यावर. ही निळी बादली माझ्या आईने नागपूरच्या इतवारी बाजारातून घेऊन दिलेली. आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा ती मसाल्याच्या पाकिटांनी भरून सुटकेसमध्ये कोंबली होती. 'तिकडे बादल्या नाही भेटत,' असं तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरंही आहे. शॉवर असताना टबात बसून बादलीने अंघोळ करणारे आम्ही एकटे नाही, इथल्या कुठल्याही मराठी घराचा पडदा सरकवून बघा.

शॉवर बंद केल्यावर काका आत गेले. जाताना खिशातली उदबत्ती पेटवली. दिवाणखान्यात पेटवली असती तर स्मोक अलार्मने बिल्डिंग डोक्यावर घेतली असती, बाथरूममध्ये निदान पंखा असतो. दार लागलं. मी कॉलवर होतो. माझा मॅनेजर रविवारीही कॉल लावतो, त्याच्याबद्दल नंतर कधीतरी.

आधी नुसतं जुळवणं ऐकू आलं. खुंट्या धरत होत्या. मग शांतता. मग काहीतरी सरकवल्याचा आवाज. आणि मग एक लांब सूर आला, आणि त्याच्यावरून दुसरा ओघळला.

मी हेडफोन काढले. बायको टायपिंग थांबवून उभी राहिली होती. आत एकच जागा पुन्हा पुन्हा येत होती. खालून वर, थोडी चुकली, पुन्हा. एखादा विद्यार्थी करतो तसं. इतकी वर्षं ज्यांची नक्कल जग करतंय तो माणूस आमच्या बाथरूममध्ये एक मींड घोटत बसला होता, आणि प्रत्येक वेळी ती थोडी जास्त सुटी होत होती. मॅनेजर लॅपटॉपमधून विचारत होता, ''इज दॅट अ यूट्यूब व्हिडिओ?'' मी म्हटलं, ''नो,'' आणि कॉल बंद केला. नोकरीत मी असं कधी केलेलं नाही.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. मी घेतला आणि तसाच दाराजवळ नेला. बाबा काहीतरी विचारायला गेले आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. बायकोने माझा दंड धरला. ''अरे, रियाज आहे त्यांचा. असा चोरून नाही ऐकवायचा.'' तिचं बरोबर होतं. मी दारावर टकटक केली.

''या,'' आतून आवाज आला.

काका टबाच्या काठावर टॉवेलची घडी घालून बसले होते. डावा पाय सरळ फरशीवर. उजवा पाय उलट्या बादलीवर, आणि त्याच्या घोट्यावर, त्या काळ्या घट्ट्यावर, व्हायोलिनचं टोक अगदी बेतशीर टेकलेलं. बादलीच्या कडेला उदबत्ती अडकवली होती, ती खाली घसरून कडेचं प्लॅस्टिक जळून काळा डाग पडला होता. ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

''बघा,'' ते लहान मुलासारखे म्हणाले, ''बसता येतंय.''

मी फोन पुढे केला. ''काका, माझे वडील आहेत, नागपूरला. त्यांनी दाराबाहेरून ऐकलं. माफ करा.''

बाबांनी दोन्ही हात जोडले. आयुष्यभर वीज मंडळात काम केलेला माझा बाप भराभरा बोलायला लागला, ''पंडितजी, त्या शाळेच्या हॉलमध्ये लाइट गेले होते, तुम्ही खाली येऊन बसले होते, आम्ही होतो तिथे. हा पण होता, लहान होता.''

''लाइट गेले होते ते आठवतं,'' काका म्हणाले. ''फार गरम होत होतं. मुलगा कधी येतोय तुमचा?''

बाबा म्हणाले, ''येईल. अडकून राहिला तिकडे.''

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी न्हाणीघराच्या फरशीकडे पाहिलं. बाहेर सकाळचं ऊन बर्फावर पडलं होतं आणि चार बोटांच्या फटीतून गार हवा येत होती.

''तिकडे आत्ता काय वेळ आहे?'' काकांनी विचारलं.

''संध्याकाळ,'' बाबा म्हणाले. ''दिवा लावायची.''

''मग ऐकणाऱ्याची वेळ धरायची,'' असं म्हणून काकांनी गज उचलला आणि आमच्या भर सकाळी पूरिया धनाश्री सुरू केला.

बायको दारात बसली, मी बेसिनला टेकून फरशीवर, फोन साबणाच्या ताटलीला टेकवून उभा केलेला. तबला नव्हता, तंबोरा नव्हता. टाइल्समुळे सूर लांबत होता. मघाचा तो चुकता सूर एकदाच आला, त्यांनी तिथे थांबून मान हलवली आणि दुसऱ्या बोटाने असे काही पोचले की बाबांनी फोनमधून 'अहाहा' केलं. पूर्वीइतका वेग नव्हता. पण श्वास तोच होता, आणि तो घेताना गज तसाच थांबत होता. मी पुन्हा त्यांच्या पायापाशी होतो. तेवढ्या वेळापुरतं मला कुठे जायचं नव्हतं, हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही. वादन संपलं. बाबांच्या मागे खरंच अंधार पडला होता आणि त्यांनी दिवा लावलेला नव्हता.

मंगळवारी विमानं सुरू झाली. निघायच्या आधी काका बायकोपाशी घुटमळले. ''एक मागू का? तुम्हाला विचित्र वाटेल.''

''सांगा ना, काका.''

''ती बादली द्याल का? उंची बरोबर बसली आहे. तिकडे मिळतील म्हणा ढीगभर, पण ही बसली आहे.''

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आईची बादली. इथे आणलेल्या तिच्या वस्तूंपैकी तेवढीच वापरात होती. मी 'हो' म्हटलं आणि बादली पुसून आणली. बादलीत त्यांचे मोजे, मफलर, चॉकलेटं भरली, वर टॉवेल कोंबला आणि ती सुटकेसमध्ये बसवली. अगदी आईने बसवली होती तशीच. विमानतळावर व्हीलचेअरमधून वळून काका म्हणाले, ''थांबायचं म्हणत होतो ना, ते राहू दे आता.'' मग दार लागलं. आम्ही परत येऊन अंघोळी शॉवरने केल्या. आजही तसंच करतो, आणि मला ते आवडत नाही.

पावसाळा सरता सरता एके दिवशी बाबांचा नेहमीचा कॉल आला नाही. त्याऐवजी एक व्हिडिओ आला, शेजाऱ्याने काढलेला. नागपूर, शाळेचा हॉल, बहुधा तोच. स्टेजवर काका टबाच्या काठाएवढ्या चौरंगावर, डावा पाय सरळ, उजवा पाय पुढे कशावर तरी ठेवलेला आणि त्या कशावर तरी शाल पांघरलेली. पूरिया धनाश्री चालला होता. कॅमेरा हलत होता. आम्ही दोघं एका फोनवर डोकं लावून बघत होतो. एका तानेला काकांचा पाय हलला आणि शाल घसरली.

''अरे, आपली बादली,'' बायको म्हणाली.

कडेचा काळा डाग स्वच्छ दिसत होता. इतवारीतून निघालेली बादली जर्सी सिटीत राहून परत नागपूरला पोचली होती. तिला ना शिक्का लागला, ना वकील. माणसाला बादलीचा हेवा वाटावा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

मी व्हिडिओ थांबवला आणि दोन बोटांनी मोठा केला. स्टेज फार उंच नव्हतं. पहिल्या रांगेत, बादलीपासून हातभर अंतरावर, बाबा मांडी घालून बसले होते.